पाचव्या दिवसाचं पाकीट

लातूरला, गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी शेख महेबूब यांच्यावर अन्याय झाला. वेळ पक्की आहे. मी घड्याळ बघून तिथल्या तिथं वहीत टिपली, कारण पत्रकात वेळ नसली की समोरचा माणूस "असं काही झालंच नाही" म्हणायला मोकळा होतो. एका मंगल कार्यालयात छंदाच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या निवड समितीनं त्यांचा संग्रह अर्धवट ठरवला, त्यांना टेबल नाकारलं आणि दाराशी, चपला ठेवायच्या मांडणीला लागून, एक प्लास्टिकची खुर्ची दिली.

ज्यांच्यावर अन्याय झाला ते त्या खुर्चीवर आरामात टेकले आणि मला म्हणाले, "बस बेटा. हितं वारं चांगलं लागून राहिलंय."

त्यांना नांदेडात कोणी शेख महेबूब म्हणत नाही. गाडीचाचा म्हणतात. तुम्ही पस्तिशीच्या आतले असाल, नांदेडात किंवा आसपासच्या तालुक्यांत वाढला असाल आणि लहानपणी छाती भरली म्हणून तुम्हाला डॉक्टर गल्लीतल्या लेकरांच्या दवाखान्यात आणलं असेल, तर तुमच्या कमरेखाली सुई बहुतेक त्यांनीच टोचली आहे. ते तिथले कंपाउंडर. मूळचे देवणीचे. अंगानं बारीक, सदरा नेहमी पांढरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि वरच्या खिशात पेनाच्या शेजारी एक टिचभर लोखंडी ट्रक. त्या ट्रककडे येते मी. त्यात माझाही थोडा गुन्हा आहे.

चाचांची पहिली गोष्ट सांगायची तर ते लेकरांशी खोटं बोलत नसत. सगळ्या जगातली मोठी माणसं सुई बघून रडणाऱ्या पोराला "दुखणार नाही हं" म्हणतात. चाचा म्हणायचे, "दुखेल. मुंगीएवढं न्हाई, मुंगळ्याएवढं. आन पाच मोजूस्तोवर." मग खरंच पाच मोजायचे. देगलूरकडचं तेलुगू बोलणारं लेकरू असलं तर तेलुगूत मोजायचे, निलंग्याकडचं असलं तर कानडीत. दुखणं या गोष्टीला कोणत्या मुलखात काय म्हणतात ते त्यांना नीट ठाऊक होतं. आया चिडायच्या. अहो, सांगता कशाला त्याला, उगं आधीच घाबरवता, म्हणायच्या. चाचांचं उत्तर ठरलेलं असे: "आज खोटं सांगितलं तर उद्या ते माझ्याकडं यील का? मला पाच दिवस पाहिजे ते."

पाच दिवस. हा आकडा लक्षात ठेवा.

दुखणं पाच दिवसांच्या सुयांचं असे. पण तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, लेकरू उठून भाकर मागतं, आणि आईबाप गावाकडची गाडी धरतात. चूक त्यांची नाही. रोज किनवटहून, मुखेडहून, माहूरहून लेकराला घेऊन येणं म्हणजे रोज एक दिवसाची मजुरी बुडवणं. पण आत उरलेलं दुखणं पुन्हा उलटतं, आणि उलटलं की जास्त जोरात येतं. डॉक्टरसाहेब समजावून थकले होते. भिंतीवर पाटी लावली, उपयोग झाला नाही. पाटी वाचणारा माणूस तसाही पाच दिवस येतो.

त्याच सुमारास डॉक्टरसाहेबांच्या अमेरिकेतल्या भावानं एक खोकं पाठवलं. तिकडे चेंडू-दांड्याचा एक खेळ आहे, बेसबॉल. त्याचा हंगाम संपला की दुकानदार उरलेला माल पडेल भावात काढून टाकतात, त्यातला हा माल. प्रत्येक पाकिटात पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा फुगा, फुग्यात धातूची ओतीव छोटी ट्रक, तिच्या अंगावर एखाद्या संघाचं नाव, आणि ट्रकच्या मागं एक जाड पत्ता. पत्त्याच्या पुढच्या बाजूला खेळाडूचा फोटो, मागं बारीक अक्षरांत आकडेच आकडे. डॉक्टरसाहेबांनी खोकं चाचांकडे सरकवलं आणि लेकरांना वाटून टाका म्हणाले.

दुसरा कोणी असता तर त्यानं एका दुपारीत वाटून टाकलं असतं. चाचांनी आधी सुताराकडून एक फळी आणली, तिला रांगेत खिळे मारले आणि ती ड्रेसिंगच्या खोलीत लेकराच्या नजरेला येईल अशी ठोकली. पहिल्या दिवशी सुई झाली की लेकरानं खोक्यातलं एक पाकीट निवडायचं. चाचा त्यावर त्याचं नाव आणि गाव लिहून ते खिळ्याला टांगायचे. हात लावायचा नाही. रोज यायचं, सुई घ्यायची, आपलं पाकीट बघायचं आणि जायचं. पाचव्या दिवशी पाचवी सुई झाली की चाचा पाकीट काढून लेकराच्या हातात द्यायचे, आणि ते त्यानं स्वतः फाडायचं.

मग काय बिशाद होती आईबापांची तिसऱ्या दिवशी गाव गाठायची! लेकरं एसटी स्टँडवर लोळण घ्यायची. डॉक्टरसाहेबांच्या पाटीनं जे झालं नाही ते एका टिचभर ट्रकनं केलं. पुढं त्यांच्या भावाकडून दर दिवाळीला खोकं येत राहिलं.

पत्ते जमवायचं चाचांच्या मनातही नव्हतं. अगदी पहिलं पाकीट फाडलं ते भोकरच्या एका पोरानं. त्यानं ट्रक घेतली आणि धूम ठोकली. पत्ता फरशीवर पडला. झाडणाऱ्या मावशी झाडू घेऊन आल्या तेव्हा चाचांनी वाकून तो उचलला. का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "माणसाचं तोंड होतं त्याच्यावर. झाडूखाली कसं जाऊ देऊ?" तेव्हापासून ते पाकीट फाडलं की लेकराला विचारायचे, "गाडी का माणूस?" लेकरू म्हणायचं गाडी. माणूस चाचांकडे राहायचा.

हे माणसं ठेवायला त्यांनी जो अल्बम केला तसा मी दुसरा बघितलेला नाही. जुन्या एक्स-रेच्या फिल्म धुऊन स्वच्छ केलेल्या, त्यांचे पत्त्याच्या मापाचे कप्पे, आणि ते कप्पे जखमेला टाके घालायच्या दोऱ्यानं शिवलेले. टाके असे एकसारखे की एखाद्या सर्जननं बघत राहावं. प्रत्येक कप्प्याखाली उर्दूत लिहिलेलं: लेकराचं नाव, गाव, दुखणं. चाचा उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं अल्बम उजवीकडून उघडायचा. काही कप्प्यांना ढगासारखी पांढुरकी छटा राहून गेली होती. ती कोणाच्या तरी फुप्फुसाची. "हा बरा झाला," चाचा त्या ढगावर बोट ठेवून सांगायचे, "म्हणून तर फिल्म टाकून गेला."

आता त्यांची चूक सांगते. ती इतकी गोड आहे की ती दुरुस्त केल्याचं मला अजून थोडं वाईट वाटतं.

चाचांना बेसबॉल ठाऊक नव्हता. क्रिकेट मात्र रक्तात होतं. रेडिओवरचा समालोचक काय म्हणाला ते सुई भरता भरता सांगायचे. पत्त्यामागचे आकडे ते क्रिकेटच्या हिशेबानं वाचत. तिथं सरासरीच्या रकान्यात लिहिलेलं असायचं पॉइंट दोनशे सत्त्याऐंशी, पॉइंट तीनशे बारा. चाचांनी अर्थ लावला की या बिचाऱ्याची सरासरी पाव रन. वर्षभर खेळला आणि एक रनसुद्धा पुरा नाही. पत्त्यामागून पत्ते बघितले, सगळ्यांचं तेच. एकाचीही सरासरी एकच्या वर नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की अमेरिकेतल्या लोकांनी हे पत्ते मुद्दाम हरलेल्या माणसांचे छापले आहेत. आणि त्या देशाबद्दल त्यांचं मत एकदम चांगलं झालं. "जिंकलेल्याचा फोटो कोणीबी छापतंय," ते म्हणायचे. "हे हरलेल्याचा छापून राहिले. आन तो बी हसून राहिला."

मग वर्षानुवर्षं ते सुईआधी लेकरांना पत्ता दाखवून हेच सांगत आले. हा बघ, ह्यानं वर्षभरात पाव रन केला, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात गेला. तू तिसऱ्या सुईला घाबरतो?

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा सात वर्षांची होते. आमचं घर किनवटला. बाबा रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांवर घण मारणारे. मला न्यूमोनिया झाला आणि आम्ही नांदेडला मामाकडे मुक्काम टाकला. बाबांनी दारातून जयभीम केला, चाचांनी सलाम आणि जयभीम दोन्ही केलं, आणि मग मला म्हणाले, दुखेल. मला त्या माणसाचा एकदम विश्वास वाटला.

पाचव्या दिवशी मी पाकीट फाडलं. आत पिवळी ट्रक होती. आणि पत्त्यावर एक काळा, उंच माणूस. गुडघ्यांना माती लागलेली, टोपी मागं सरकलेली, दात दाखवून हसणारा. हुबेहूब माझे बाबा ड्युटीवरून आल्यावर दिसायचे तसा. आमच्या भिंतीवर थोरांचे फोटो होते, पण ते सगळे कोटात किंवा ध्यानाला बसलेले. गुडघ्यांना माती लागलेला माणूस कोणी रंगीत कागदावर छापतं हे मला त्या दिवशी कळलं.

चाचांनी विचारलं, "गाडी का माणूस?"

मी म्हटलं, "माणूस."

इतक्या वर्षांत असं उत्तर पहिल्यांदाच आलं होतं. चाचांनी पत्त्याकडे बघितलं. त्यांच्याकडे तो पत्ता नव्हता, हे मला फार नंतर कळलं. पण प्रश्न त्यांनीच विचारला होता. त्यांनी पत्ता माझ्या हातात ठेवला, माझ्या मुठीवर एक थाप मारली आणि पिवळी ट्रक स्वतःच्या खिशात टाकली. पेनाच्या शेजारी. ती ही ट्रक. त्यांच्या संग्रहातली ती एकुलती एक गाडी, आणि अल्बमच्या भरलेल्या पानांतला तो एकुलता एक रिकामा कप्पा. खाली उर्दूत माझं नाव.

पुढं मी कॉलेजला नांदेडला आले, विद्यार्थी संघटनेत शिरले, वसतिगृहातल्या पाण्यासारख्या वरणावर पत्रकं लिहायला लागले. एकदा खोलीवरच्या मैत्रिणीच्या भाच्याला घेऊन डॉक्टर गल्लीत गेले. चाचांनी माझं नाव विचारलं नाही. चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "माणूस सांभाळलाय का?" मी सांभाळला होता, दहावीच्या मार्कशीटच्या फाइलमध्ये. दुसऱ्या दिवशी परत द्यायला नेला तर हात मागं घेतला त्यांनी. "दिलेली सुई परत घेता येती का?"

तेव्हापासून मी दर आठवड्याला जायला लागले. दुपारी दवाखाना रिकामा असायचा. चाचा स्टोव्हवर चहा करायचे आणि मला पत्ते वाचून दाखवायचे. मला लोकांची मतं बदलायची सवय. चाचांजवळ बसलं की ती खुंटीला टांगावी लागे. त्यांना काहीच नको होतं. पगारवाढ मागा म्हटलं तर म्हणायचे मागू, चहा तर पी.

पण मी पडले खरं बोलण्याच्या पक्षाची. एके दिवशी वाचनालयात बसून मी बेसबॉलचे नियम वाचून काढले आणि तडक दवाखान्यात जाऊन चाचांना सांगितलं की तुम्ही चुकताय. ती सरासरी धावांची नाही. किती वेळा खेळायला उभा राहिला आणि त्यातल्या किती वेळा चेंडू नीट मारून पुढं पोचला, त्याचा तो आकडा. पॉइंट तीनशे म्हणजे दहात तीन वेळा. आणि तसा माणूस तिकडे फार मोठा समजतात. ही हरलेली माणसं नाहीत चाचा, यातले कित्येक नावाजलेले आहेत.

त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी खाली ठेवला. त्यांचा चेहरा इतका उतरला की माझी जीभ मलाच नकोशी झाली. इतकी वर्षं लेकरांना खोटं सांगितलं, हे त्यांच्या डोक्यात चाललं होतं. मला ते दिसत होतं. जो माणूस "दुखणार नाही" एवढंसुद्धा कधी बोलला नाही, त्याला मी एका वाक्यात खोटारडा करून टाकलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "दहात तीन?"

"हो."

"आन बाकी सात टाइमाला?"

"सात वेळा बाद."

चाचांनी अल्बम ओढला, उजवीकडून उघडला आणि एकेक तोंड बघत गेले. मग हळूच हसू आलं त्यांना. म्हणाले, "म्हणजे सात वेळा बाद होऊनबी हसून राहिला. मग मी लेकरांना खोटं न्हाई सांगितलं." आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

त्या खुशीत मी त्यांना मोबाइलवर एक सामना दाखवला. चाचांनी जेमतेम पाच मिनिटं बघितला. एवढंच म्हणाले की माणसं चांगली आहेत पण लई थुंकतात, आपल्या दवाखान्यात आली असती तर 'थुंकू नये'ची पाटी दाखवावी लागली असती.

लातूरच्या प्रदर्शनाचा अर्ज मीच भरला. चाचा नको म्हणत होते. मला वाटलं हा अल्बम जगानं बघायला पाहिजे. तो त्यांनी ऑपरेशनच्या हिरव्या कापडात गुंडाळला आणि एसटीत अख्ख्या वाटेनं मांडीवर धरला.

समितीचे एक गृहस्थ होते, गळ्यात बिल्ला, बोलायला सभ्य. त्यांनी अल्बम डावीकडून उघडला. तिकडे शेवटचे कोरे कप्पे. हे तर रिकामंच आहे, म्हणाले. चाचांनी अल्बम फिरवून दिला. मग त्यांनी पत्ते बघितले, कौतुकानं बघितले, आणि विचारलं की यांच्यासोबतच्या गाड्या कुठं आहेत. लेकरांकडं, चाचा म्हणाले. आणि पाकिटं? फाडली. गृहस्थांनी नियमांचा कागद काढला. वस्तू मूळ वेष्टनात आणि पूर्ण असावी. अहो, जाणता संग्राहक पाकीट कधी फोडत नाही, असं त्यांनी चाचांना समजावलं, जसं काही चाचांनी चुकून फोडलं होतं. वर मधला कप्पा दाखवून म्हणाले, "आणि ही एक जागाही रिकामी आहे."

"भरलेली हाय ती," चाचा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "ही काय, उभी हाय."

गृहस्थांना ते कळलं नाही. त्यांनी शेवटचं विचारलं की न फोडलेली काही पाकिटं आहेत का. चाचा म्हणाले, हायेत, चार. गृहस्थांचा चेहरा खुलला. मग तीच मांडा की, म्हणाले, इतकी जुनी बंद पाकिटं इकडे कोणाकडे आहेत, आत्ता टेबल देतो.

चाचांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही. सुई टोचण्याआधी बोलायचे त्याच आवाजात ते म्हणाले, "साहेब, फुटलेलं पाकीट म्हणजे लेकरू पाचव्या दिवशी आलं. बंद पाकीट म्हणजे न्हाई आलं. तुमी मला न आलेली लेकरं मांडायला सांगून राहिले."

ती चार पाकिटं आहेत हे मलाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. घड्याळात अकरा वीस झाले होते.

गृहस्थांनी नियमांचा कागद पुन्हा उघडून बघितला. पण नियम तो नियम. टेबल मिळालं नाही, खुर्ची मिळाली. आणि आता मला प्रामाणिकपणे पुढचंही लिहिलं पाहिजे. आत जायचं तर प्रत्येकाला दाराशी चपला काढाव्या लागत होत्या, त्यामुळं दिवसभरात सगळं लातूर चाचांसमोर वाकून गेलं. लेकरं चपला काढायला बसायची ती उठायचीच नाहीत. आत नाणी आणि तिकिटं काचेखाली शिस्तीत होती. बाहेर चाचा पोरांना पिवळी ट्रक हातात देत होते आणि दहात सात वेळा बाद झालेल्या माणसांच्या गोष्टी सांगत होते. संध्याकाळी ते गृहस्थ स्वतः चहा घेऊन आले आणि उभ्याउभ्या अल्बम पुन्हा बघून गेले, या खेपेला उजवीकडून. चहा दिला म्हणून अन्याय मिटत नाही. पण चहा चांगला होता, असं चाचांनी मला लिहायला सांगितलं आहे.

परतीच्या गाडीत मी पत्रकाचा मसुदा लिहून काढला आणि वाचून दाखवला. चाचांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "निषेध सात वेळा म्हणलीस. मी एका जागेवर सात सुया मारतो का? राग खरा हाय ना, मग एकदाच मार. नीट मार." आणि प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचं नाव खोडायला लावलं. आजही मी पत्रक लिहिलं की निषेध मोजते. एकाच्या वर असले तर खोडते. संघटनेतली पोरं म्हणतात माझी धार गेली. मला वाटतं आता कुठं लागायला लागली.

मग मी त्या चार पाकिटांचं विचारलं. चाचांनी खिडकीबाहेर बघत एकेकाचं नाव सांगितलं. त्यांना अल्बम लागला नाही.

यंदाच्या जानेवारीत दवाखाना बंद झाला. डॉक्टरसाहेब थकले होते. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. चाचा उदगीरला लेकीकडे गेले. मजेत आहेत, गल्लीतल्या लेकरांना पाच मोजायला शिकवतात. फोन केला की आधी जेवलीस का विचारतात, नंतर संघटनेचं. निघताना बसस्टँडवर मी त्यांची पिशवी धरून उभी होते. अल्बम त्यांनी सोबत घेतला, म्हातारपणी वाचायला. पिवळी ट्रक खिशात होती. आणि एक बुटाचं खोकं त्यांनी माझ्या हातात दिलं. आत ती चार पाकिटं. पुठ्ठे पिवळे पडलेले, प्लास्टिकचे फुगे धुरकट, खिळ्याची भोकं तशीच. प्रत्येकाच्या पाठीवर आता देवनागरीतही नाव लिहिलेलं. मला वाचता यावं म्हणून.

चाचा म्हणाले, "दिलेल्या गाड्या कोणाला परत मागू नको. पण ह्या चौघांचं विचार. लोकांना पत्रकं वाटती तू. मला एवढंच कळू दे, की बरे झाले."

गाडी सुटेपर्यंत त्यांनी एवढंच मागितलं. मी ओळखायला लागल्यापासून त्यांनी केलेली ही पहिली मागणी. म्हणून मी ती तुमच्यापुढं मांडते, आणि चाचांसारख्या नरमाईनं नाही.

माहूरची अनिता. आई गडाच्या पायऱ्यांवर बांगड्या विकायची. तीन सुया. लाल ट्रक.

देगलूरचा बालाजी. रडताना फक्त "नोप्पी, नोप्पी" म्हणायचा, म्हणजे तेलुगूत दुखतंय, दुखतंय. तीन सुया. पांढरी ट्रक.

मुखेडची शबाना. पाकीट निवडायला तिनं सगळ्यांत जास्त वेळ घेतला होता. दोन सुया. हिरवी.

आमच्या किनवटचा गोविंद. जाताना चाचांना सांगून गेला की उद्या येतो. चार सुया. निळी. एकच राहिली होती.

हे लोक आज तुमच्या वयाचे असतील. तुमच्या शाळेत शिकवत असतील, तुमच्या एसटीचं तिकीट फाडत असतील, तुमच्या घरात स्वयंपाक करत असतील. तेव्हा हा कागद खाली ठेवा आणि शेजारच्या माणसाला विचारा: लहानपणी नांदेडला सुया घेतल्या होत्यास का? किती दिवस? उत्तर पाचपेक्षा कमी आलं तर नाव विचारा. आणि ते नाव वरच्या चारांतलं असलं तर हा कागद ज्यानं तुमच्या हातात दिला त्याला सांगा. निरोप माझ्यापर्यंत येतो.

आणि तू, त्या चौघांपैकी जो कोणी हे वाचतो आहेस, तू ये. सुई नाही आता, घाबरू नको. पाकीट तुझ्या नावाचं आहे, आणि ते तूच फाडायचं आहे.